सहा महिन्यांच्या बोलीवर

मुक्काम : जिन्याखालची खोली
दि. १४ जुलै

ती. वन्संना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तुम्ही म्हणाला होतात, एकोणपन्नासाव्या वर्षी माणसं गुडघ्यांसाठी डॉक्टर शोधतात, नोकरी नव्हे. कळवायला आनंद होतो की गुडघे माझ्याबरोबरच आलेत आणि इथे त्यांना भरपूर काम आहे.

खोली रेस्टॉरंटच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली आहे. छत उतरतं असल्यामुळे ताठ उभं राहायचं तर दारापाशीच राहावं लागतं. बाकी सगळीकडे मी आपोआप नम्र होते. लग्नानंतर तुम्ही माझ्याकडून जी अपेक्षा केली होती, ती या छताने आठवड्यात पूर्ण केली. वर विद्यार्थी राहतात. पावणेसात वाजता सगळे एकदम कॉलेजला पळतात, तेव्हा माझ्या डोक्यावर रोजचा भूकंप होतो. घड्याळ लागत नाही.

रेस्टॉरंट कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर. अठरा टेबलं, त्यातलं एकही चारही पायांवर उभं नाही. डगमगू नये म्हणून पायाखाली जुन्या प्रश्नपत्रिकांच्या घड्या सारल्यात. मुख्य आचाऱ्यांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी माझा अनुभव विचारला. मी सांगितलं, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकोणीस वर्षं, रोज चारशे ताटं. ते म्हणाले, कॅन्टीनमधलं लोक भोंगा वाजला म्हणून खातात, आवडलं म्हणून नव्हे. आणि मला कांदे दिले. तेव्हापासून कांदेच कापते आहे.

तरी मी खूश आहे, असं ह्यांना सांगू नका. कारखाना बंद पडला तेव्हापासून वर्षभर घरी बसून तुम्हा बहीणभावांच्या चहाच्या वेळा सांभाळल्या. त्या पदावर बढतीची शक्यता दिसेना. सहा महिने म्हणून आले आहे, सहा महिने जाऊ देत. कुठल्या डब्यात काय आहे त्याची यादी कपाटाच्या दाराला लावली आहे. तिच्यावर सरकारी शिक्का नसल्यामुळे हे वाचणार नाहीत, तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा.

लोभ आहे तेवढाच असू द्या. वाढवलात तर मला संशय येईल.

आपली,
भावजय

•

दि. २३ जुलै

चि. सौ. सुगरणबाईंना अ. उ. आ.

पत्र पोचलं. भूकंपाचं वाचून बरं वाटलं. निदान कशाने तरी तू वेळेवर उठतेस.

इकडचा वृत्तांत असा की तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या बाळने, स्वयंपाकघराचा कार्यभार स्वीकारला आहे. चोपन्न वर्षांचा स्वेच्छानिवृत्त सरकारी कारकून भात लावतो म्हणजे काय हे तू बघायला हवं होतंस. आधी त्याने फाईल केली. मग तांदूळ निवडले, त्याची नोंद केली. पाणी किती घालायचं यावर माझं मत मागवलं. मी चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं, पाण्याबद्दल मला काय कळणार? शेवटी झालेला पदार्थ आम्ही चमच्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी दूध करपलं, तेव्हा पातेलं सदोष असल्याचं त्याने जाहीर केलं.

मला येत नाही, यात मात्र थोडा दोष तुझाही आहे. पंचवीस वर्षांत तुझ्या स्वयंपाकघरात मला पाणी प्यायला येण्यापलीकडे परवानगी नव्हती. तू म्हणशील, मीच आले नाही. दोन्ही खरं असावं.

शेजारी विचारतात, सौ. कुठे दिसत नाहीत. बाळ गंभीर चेहऱ्याने सांगतो, प्रतिनियुक्तीवर गेली आहे. समोरच्या काकूंना तो आजार वाटला. त्यांनी बरं वाटो म्हणून संत्री पाठवली. आम्ही ती खाल्ली. भाताला उतारा म्हणून चांगली होती.

तुझी आठवण येते असं समजू नकोस. फक्त संध्याकाळी टोमणा मारायला कोणी नसतं. बाळला मारावा तर तो त्याचा अर्थ विचारतो.

पत्र पाठवत जा. वाचायला दुसरं काही बरं नाही, म्हणून म्हणते.

तुझी,
वन्सं

•

दि. १० ऑगस्ट

ती. वन्संना सा. न. वि. वि.

मला बढती मिळाली. कांद्यांवरून अंड्यांवर.

झालं असं, की सोमवारी परीक्षा होती आणि साडेसात वाजता चाळीस मुलं एकदम आत शिरली. प्रत्येकाला पंधरा मिनिटांत खाऊन पळायचं होतं. ऑर्डरच्या चिठ्ठ्या खिळ्यावर मावेनात. वस्ताद एकेक चिठ्ठी वाचून एकेक ऑम्लेट करत होते. चार चिठ्ठ्या झाल्यावर मला राहवलं नाही. मी सुरी ठेवली, सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, मोठ्याने वाचल्या आणि कॅन्टीनसारख्या चाळीस बशा ओळीत मांडल्या. एका तव्यावर ते, एकावर मी. आठला पाच कमी असताना हॉल रिकामा. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा वस्ताद स्वतः कांदे कापत बसले होते. त्यांच्या भाषेत हा सत्कार समजायचा.

मालकीणबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, मीठ तर तराजूत मोजलेलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि दोन तवे आणखी मागवले.

आणखी एक. परवा एका मुलीने रिकाम्या बशीखाली चिठ्ठी ठेवली होती. आजचं ऑम्लेट ज्यांनी केलं त्यांना थँक्यू सांगा, पेपरला पहिल्यांदाच भरल्या पोटी जाते आहे, असं. मी ती पलंगाच्या वर छताला चिकटवली आहे. छत उतरतं असल्याने नाकासमोरच येते. तुम्ही हसाल. हसा. आपल्या घरात जेवण चांगलं झालं की सगळे गप्प बसतात आणि बिघडलं की बोलतात, त्यामुळे मला ही पद्धत नवीन आहे.

बाळना माझा नमस्कार सांगा, सदोष पातेल्यालाही.

आपली,
अंडी विभाग

•

दि. ३१ ऑगस्ट

चि. सौ. अंडी विभागास अ. उ. आ.

तू काही कळवलं नाहीस, पण बाळ तुझ्याकडे येऊन गेला म्हणे. मला सांगून गेला होता की पेन्शनच्या कार्यालयात काम आहे. पेन्शनच्या कार्यालयात जायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालून अत्तर लावत नाही.

काल आला तो छाती पुढे काढून. म्हणाला, तिला स्पष्ट शब्दांत समज दिली. रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांसमोर. तिथला आचारी चपापला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणालीस की लवकरच काय ते ठरवते. एवढं सांगून तो दोन ग्लास पाणी प्यायला आणि झोपला. दुपारी तीन वाजता.

आता मी बाळला त्याच्या जन्मापासून ओळखते. छाती पुढे येते तेव्हा मागे काहीतरी लपलेलं असतं. तेव्हा तुझी बाजू कळव. डोळ्यांत पाणी आलं होतं की नव्हतं, एवढं मात्र खरं लिही.

तुझी,
वन्सं

•

दि. ५ सप्टेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

समज दिली हे खरं आहे. सूपला दिली.

हे आले ते थेट मधल्या टेबलावर बसले. मला चिठ्ठी आली तेव्हा माहीतही नव्हतं. एक सूप, दोन पाव. पाच मिनिटांत सूप परत आलं, मीठ कमी. खिडकीतून बघितलं तर आपलेच! मीठ मालकीणबाईंनी मोजलेलं, तेव्हा कमी असण्याची शक्यता नव्हती. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी बाहेर जाऊन सांगितलं की दुसरं करून देते, वीस मिनिटं लागतील. हे म्हणाले, घरी कधी थांबावं लागलं नाही. मी म्हटलं, घरी एकच टेबल आहे. वस्ताद चपापले ते तेव्हा. त्यांना तोवर वाटत होतं की मला उलट बोलता येत नाही.

आणि वन्सं, हे थांबले. गर्दी होती म्हणून दोन विद्यार्थी त्यांच्या टेबलावर येऊन बसले. त्यांना फी भरायला मुदत हवी होती, अर्ज लिहीत होते आणि तो काही जमत नव्हता. ह्यांनी पाच मिनिटं सहन केलं, मग कागद ओढून घेतला. विषय, संदर्भ, सविनय, सगळं झकास. मुलं तोंडाकडे बघत राहिली. मग शेजारच्या टेबलावरून एकजण आपला अर्ज घेऊन आला. मी सूप नेलं तेव्हा ह्यांच्यासमोर तिघं उभे होते आणि हे चष्मा कपाळावर सरकवून विचारत होते की सहपत्रं जोडली का. इतका खुललेला चेहरा मी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. मला बघितल्यावर त्यांना आठवलं की आपण रागावून आलो आहोत. मग घाईघाईने रागावले. सूप मात्र संपवलं.

डोळ्यांत पाणी आलं होतं. ह्यांच्या बोलण्याने नाही. वाट बघत बसलेला नवरा मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरी बातमी ह्यांना सांगितली तेव्हा हे उठून गेले, ती तुम्हालाही सांगते. मालकीणबाई मला कायम ठेवायचं म्हणतात. सकाळचं स्वयंपाकघर पूर्ण माझ्याकडे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपली,
भावजय

•

दि. १५ सप्टेंबर

सौ. हिस,

विषय : कायम नेमणुकीस नाहरकत मिळण्याबाबत.
संदर्भ : दि. २९ ऑगस्ट रोजीची समक्ष भेट.

उपरोक्त विषयाबाबत कळवण्यात येते की, सदर नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर मान्य करण्यात आली होती. त्यात परस्पर वाढ करता येणार नाही. घरातील कामकाज विस्कळीत झाले असून ताईंच्या वयाचाही विचार होणे आवश्यक आहे. शेजाऱ्यांना काय उत्तर द्यावे हा प्रश्न वेगळाच. सबब नाहरकत देता येत नाही व मूळ मुदतही कमी करण्यात येत आहे. दि. १ नोव्हेंबरपूर्वी घरी हजर व्हावे. अन्यथा पुन्हा हजर होण्याची तसदी घेऊ नये.

कळावे.

ता. क. शेगडीचं डावं बटण फिरत नाही. तू कसं फिरवत होतीस?

•

दि. २४ सप्टेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या बाळचा हुकूम मिळाला. तुम्हाला न दाखवता टाकलेला असणार, कारण त्यात ताईंच्या वयाचा उल्लेख आहे. बटण आधी आत दाबायचं, मग फिरवायचं, एवढं सांगा.

दोन दिवस मी हसले. दवंडीसारखं मोठ्याने वस्तादांना वाचूनही दाखवलं. तिसऱ्या दिवशी हसू येईना. ते एक शेवटचं वाक्य आहे ना, तसदीचं, ते तवा घासतानाही डोक्यात फिरत राहतं. भांडायचं तर समोर माणूस लागतो. या कागदाशी काय भांडू?

मला वाटतं मी परत यावं. खरं सांगायचं तर हे काम माझ्या नशिबातच नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, मालकीणबाईंचं बोलावण्याचं पत्र किती उशिरा मिळालं ते. पोस्टाने आठ-नऊ दिवस खाल्ले. मी फोन केला तेव्हा त्या दुसऱ्या बाईला हो म्हणायच्याच बेतात होत्या. तेव्हाच समजायला हवं होतं. दार उघडायच्या आधीच कोणीतरी नको म्हणत होतं.

मालकीणबाईंना आठ दिवसांत नाही कळवते. वस्तादांना सांगायचं जिवावर आलं आहे. त्यांनी कालच माझ्यासाठी वेगळा कप आणून ठेवला.

आपली,
भावजय

•

दि. २९ सप्टेंबर

चि. सौ. हिस अ. उ. आ.

हे पत्र वाचताना बसून वाच. छत तसंही उभं राहू देत नाही.

पोस्टाने काही खाल्लं नाही. ते पत्र तिसऱ्या दिवशीच आलं होतं. तू दळण आणायला गेली होतीस. पाकिटावर रेस्टॉरंटचं नाव होतं, मी ओळखलं, आणि माझ्या पेटीत शाळेच्या जुन्या हजेरीपटाखाली ठेवून दिलं. आठ दिवस. रोज संध्याकाळी तू पोस्टमन येऊन गेला का विचारायचीस आणि मी नाही म्हणायचे. नवव्या दिवशी तू विचारलंच नाहीस, नुसती फाटकाकडे बघून आत गेलीस. तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी पाकीट दारात नेऊन टाकलं आणि आत्ताच आलं म्हणून तुला हाक मारली.

का केलं, हे मोठ्या शब्दांत सांगता येईल, पण मी व्याकरणाची मास्तरीण आहे, साधं वाक्य लिहिते. मला एकटं राहायची भीती वाटली.

आणि हेवाही वाटला. बत्तिसाव्या वर्षी मला मुख्याध्यापिका म्हणून दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं होतं. तुला आमच्या घरात असं सांगितलं गेलं असेल की वन्संना घरावर सत्ता गाजवायची होती म्हणून त्या कुठे गेल्या नाहीत. मीही तेच सांगत आले, कारण ते ऐकायला बरं वाटतं. कोणी दार अडवलं नव्हतं गं. नुसते सगळे उदास झाले. वडील जेवताना बोलेनासे झाले. बाळ पंचवीस वर्षांचा घोडा, तो म्हणाला, मग माझ्याकडे कोण बघणार. मी आठ दिवसांत नाही कळवलं. तुझ्यासारखंच. त्या गावची शाळा कशी होती, तिला अंगण होतं का, हे मी अजूनही कधी कधी मनाशी ठरवत बसते.

तेव्हा मला काय म्हणायचं ते म्हण, पण नशिबाला दोष देऊ नकोस. तो माझा आहे.

आज सही करताना काय लिहावं कळत नाही.

वन्सं

•

दि. २० ऑक्टोबर

ती. वन्संना,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते पत्रही तुम्हाला पेटीत लपवून ठेवावं लागलं असतं.

मालकीणबाईंना हो सांगितलं. तुमच्या पत्रामुळे नाही, तुमच्या पत्राच्या रागाने. फरक आहे. ह्यांनाही कळवलं की १ नोव्हेंबरला मी इथेच हजर असेन.

बाकी जे बोलायचं आहे ते कागदावर बोलणार नाही. समक्ष या. गाडी दुपारी पोचते. फाटकासमोरचं रेस्टॉरंट कोणीही दाखवील.

भावजय

•

मुक्काम : तीच जिन्याखालची खोली
दि. १२ नोव्हेंबर

चि. बाळ यास अ. उ. आ.

आठ दिवसांत येते म्हणून निघाले आणि दहावा दिवस आहे, हे मला दिसतंय. स्मरणपत्र पाठवू नकोस.

मी आले त्या दिवशी तुझ्या बायकोने मला टेबलावर बसवलं, पाणी दिलं आणि गिऱ्हाइकासारखं तासभर तसंच ठेवलं. गर्दी ओसरल्यावर पदराला हात पुसत आली, समोर बसली आणि आम्ही भांडलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उघड उघड. टोमणे नाहीत, शालजोडीतले नाहीत, सरळ. ती म्हणाली, तिचं बोलावण्याचं पत्र मी लपवून ठेवलं त्या आठ दिवसांत तिने स्वतःला काय काय समजावलं होतं. आपण नालायक आहोत, आपलं वय झालं, कोणालाच आपण नको आहोत. एकेक सांगत गेली. मी ऐकून घेतलं. माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, अशी पटकन नाही मिळणार. मी म्हटलं, थांबते. वस्तादांनी नीट ऐकू यावं म्हणून शेगडी बारीक केली होती, हे दोघींच्याही नंतर लक्षात आलं.

अजून मिळालेली नाही. पण तिसऱ्या दिवसापासून ती मला अगं वन्सं म्हणते, आधी अहो वन्सं म्हणायची. बाहेरच्या फळ्यावरचा मेनू मी लिहिते. आधीच्या फळ्यावर ऑम्लेट चार प्रकारे लिहिलेलं होतं आणि चारही चूक. मालकीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. तिचा अर्थ काय ते इथे विचारत नाहीत.

आता तुझ्याबद्दल. तुझी बायको परत येणार नाही. तू हुकूम काढलास म्हणून नाही, आणि तू हुकूम मागे घेतलास तरीही नाही. ती इथे राहणार. तिने तुला सोडलेलं नाही. तसदीबद्दल लिहिलंस ते तिला लागलं आहे. ते तू येऊन तुझ्या तोंडाने फिरव, अर्जाने नको. ती तीन मुलं रोज विचारतात की अर्जवाले काका पुन्हा कधी येणार. एकाची मुदतवाढ मंजूर झाली.

मी तुला कधी रागे भरले नाही, ही माझी चूक. मग माझ्याकडे कोण बघणार, असं तू म्हणालास तेव्हा मी तुझ्याकडे बघत बसले, आणि नंतर हिला आणून बसवलं.

काल सकाळी मी फळा पुसत होते. आतून कोणाचं तरी हसणं ऐकू आलं, मोठं, पार दम लागेपर्यंत. मला वाटलं कोणी विद्यार्थिनी आत शिरली. खिडकीतून बघितलं तर तव्यासमोर हीच, उलथनं हातात घेऊन वाकलेली, आणि वस्ताद काहीतरी नक्कल करत होते. पंचवीस वर्षं मी भिंतीपलीकडे बसून त्या स्वयंपाकघरातले सगळे आवाज ऐकले, भांड्यांचे, नळाचे, पोळपाटाचे. हा कधी ऐकला नव्हता.

बाळ, तिला असं हसता येतं, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

तुझी,
ताई